भिंतीवरच्या तसबिरीसाठी घरचाच उजेड

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेरवीच्या आधी एक धावपळ बहुतेक घरांत होते. भिंतीवर लावण्यासाठी चांगले छायाचित्र हवे असते आणि ते सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातील सामूहिक छायाचित्रातून चेहरा कापून काढला जातो, नाहीतर आधार कार्डावरील किंवा मतदार ओळखपत्रावरील फोटो मोठा करून आणला जातो. त्याला हार घातला जातो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे घरातील मुले त्या धूसर, भेदरलेल्या चेहऱ्यालाच आपली आजी किंवा आपले आबाजी म्हणून ओळखतात.

हा प्रसंग आता गरिबीमुळे ओढवत नाही. अमरावतीच्या राठीनगर-रुक्मिणीनगरात काय किंवा अकोल्याच्या जठारपेठ-रामदासपेठेत काय, घरटी दोन-तीन कॅमेरे मोबाइलच्या रूपाने खिशात आहेत. वाढदिवसाची शेकडो छायाचित्रे त्यांत साठलेली असतात. त्यांत आजीही असते, पण ट्यूबलाइटच्या खाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या झालेली, किंवा फ्लॅशच्या झोताने चेहरा सपाट आणि तेलकट झालेली. उणीव कॅमेऱ्याची नसून उजेडाची आहे. हा उजेड मात्र फार महाग नाही. त्याचा बराचसा भाग घरात आधीच उपलब्ध असतो, उरलेला दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास उभा करता येतो. त्यासाठी प्रकाशाचे दोन-तीन साधे नियम मात्र समजून घ्यावे लागतात.

उजेड मोठा हवा, प्रखर नको

व्यक्तिचित्रणात सर्वांत मोठा गैरसमज असा, की दिवा जितका प्रखर तितका फोटो चांगला. प्रत्यक्षात चेहऱ्याचे रूप ठरते ते उजेडाच्या प्रखरतेवर नव्हे, तर चेहऱ्याच्या तुलनेत उजेडाचा उगम किती मोठा आहे यावर. लहान ठिपक्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने येतो, त्यामुळे सावलीची कड धारदार पडते. प्रत्येक सुरकुती, मुरमाचा प्रत्येक डाग उठून दिसतो. मोठ्या पृष्ठभागातून येणारा प्रकाश अनेक बाजूंनी चेहऱ्याला वळसा घालतो. त्याची सावली हळूहळू विरत जाते.

सूर्य हे याचे उत्तम उदाहरण होय. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे. पण तो आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून वऱ्हाडातील मे महिन्याच्या उन्हात माणसाची सावली कात्रीने कापल्यासारखी पडते. तोच सूर्य आषाढात ढगाआड गेला, की सगळे आकाश उजेडाचा उगम होते आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. सूर्य तोच, चेहरा तोच. बदलला तो उगमाचा आकार.

यातूनच दुसरा नियम निघतो. उगम चेहऱ्याच्या जितका जवळ, तितका तो चेहऱ्याला मोठा दिसतो. चार फुटांचा पांढरा पडदा तीन फुटांवर असेल तर उजेड मऊ पडतो. तोच पडदा पंधरा फुटांवर नेला तर तो लहान दिव्यासारखा वागू लागतो. दिवा लांब नेल्यास उजेड सौम्य होईल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. लांब नेल्याने उजेड कमी होतो आणि कठोरही होतो.

तिसरा नियम अंतराचा. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की उजेड निम्मा न होता चौथ्या हिश्श्यावर येतो. तिप्पट केले, की नवव्या हिश्श्यावर. मोठ्या पडद्याच्या बाबतीत हे प्रमाण तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच राहते. या नियमाचा उपयोग पुढे पार्श्वभूमी ठरवताना होतो.

खिडकी हाच पहिला दिवा

घरातील सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे खिडकी. वीज नसलेल्या काळात छायाचित्रकारांचे स्टुडिओ याच तत्त्वावर चालत. छपराला आणि एका भिंतीला काचा लावून, शक्यतो उत्तरेचा उजेड आत घेतला जाई आणि पडद्यांनी तो कमी-जास्त केला जाई. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये दादर येथे 'राजा हरिश्चंद्र'चे चित्रीकरण केले, तेही सूर्यप्रकाशाच्याच भरवशावर. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटामागे दिव्यांचा ताफा नव्हता.

उत्तरेच्या खिडकीचे महत्त्व वऱ्हाडात थोडे समजून घ्यावे लागते. अमरावती आणि अकोला ही शहरे सुमारे एकवीस उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. २३ सप्टेंबरच्या आसपासपासून २१ मार्चपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. या काळात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. येतो तो निव्वळ आकाशाचा, स्थिर आणि मऊ उजेड. उन्हाळ्यात मात्र सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपे ऊन शिरते. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर भरदुपारचा सूर्यही माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून व्यक्तिचित्रासाठी दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत उत्तरेच्या खिडकीचा उजेड फारसा बदलत नाही.

उत्तरेला खिडकी नसेल तरी काम अडत नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येते तिच्यावर पांढऱ्या मलमलीचे किंवा जुन्या धुवट धोतराचे एक पदर ताणून बांधावे. ऊन त्या कापडावर पडते, कापड उजळते आणि खिडकीएवढा मोठा, मऊ दिवा तयार होतो. कापूस हे ज्या भागाचे एक मुख्य पीक, तेथे यासाठी परदेशी बनावटीचा पडदा मागवण्याची गरज नाही. कापड मात्र पूर्ण पांढरे असावे. कोऱ्या मांजरपाटाला पिवळसर झाक असते, ती चेहऱ्यावर उतरते.

अमरावतीच्या परकोटाच्या आतील किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातील जुन्या घरांत खिडक्या लहान असतात. तेथे दाराचा उपयोग करावा. छपरीत खुले दार, त्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसलेली व्यक्ती आणि बाहेर सावलीतले अंगण, एवढी मांडणी पुरेशी होते. दाराच्या आत थोडे सरकून बसल्याने वरून येणारा उजेड अडतो, समोरचा तेवढा राहतो आणि डोळ्यांखालची काळोखी जाते.

व्यक्तीला खिडकीकडे तोंड करून बसवण्याऐवजी खिडकी तिच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, किंचित पुढे राहील असे बसवावे. खिडकी पाठीमागे घेऊन काढलेले छायाचित्र काळवंडते. घरगुती छायाचित्रांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच.

उजेड परतवण्याची कला

खिडकीच्या बाजूचा गाल उजळला, की दुसरा गाल काळोखात जातो. त्या बाजूला दुसरा दिवा लावण्याची गरज नसते. आलेला उजेडच परतवून तेथे पाठवता येतो. ही युक्ती जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत विजेचे दिवे नव्हते, तेव्हा दाराशी आरसे आणि पांढरी कापडे धरून बाहेरचे ऊन आत परतवले जाई आणि पाहुण्यांना भिंतीवरची चित्रे दाखवली जात.

चित्रपटसृष्टीतही हे तंत्र एका भारतीयाने मोठ्या परिणामकारकतेने वापरले. सत्यजित राय यांच्या १९५६ मधील 'अपराजितो' या चित्रपटासाठी बनारसमधील घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारण्यात आले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी दिवे थेट कलाकारांवर न रोखता वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर टाकले. त्या कापडावरून परतलेला उजेड खऱ्या अंगणात आकाशातून उतरणाऱ्या उजेडासारखा दिसला. आज जगभरच्या स्टुडिओंत रूढ असलेल्या परावर्तित प्रकाशाच्या पद्धतीतील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यामागचे साहित्य होते कापड.

घरात हेच काम पांढरा कार्डशीट, सनबोर्डचा तुकडा किंवा चौकटीवर ताणलेली चादर करते. नव्या दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यात आलेला थर्मोकोलचा तक्ताही चालतो. राज्यात २०१८ पासून थर्मोकोलच्या सजावट साहित्यावर बंदी असल्याने तो मुद्दाम विकत आणण्याच्या भानगडीत पडू नये. दोन फूट बाय तीन फुटांचा असा पांढरा तक्ता सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर उभा करावा. तो जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. आरसा किंवा चकचकीत चंदेरी कागद चेहऱ्याच्या इतक्या जवळ वापरू नये. त्यातून कठोर झोत येतो आणि डोळे मिटतात.

सावली पूर्ण पुसून टाकण्याचा मोहही आवरावा. चेहऱ्याला आकार सावलीमुळेच येतो. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडला की छायाचित्र ओळखपत्रासारखे दिसू लागते.

भिंतींचे रंग

वऱ्हाडातील अनेक घरांच्या भिंती आकाशी, पोपटी किंवा गुलाबी असतात. पांढऱ्या तक्त्याप्रमाणेच भिंतही उजेड परतवते, पण आपल्या रंगासह. पोपटी भिंतीजवळ बसलेल्या व्यक्तीचा गाल हिरवट दिसतो आणि छायाचित्र 'आजारी' वाटते. तैलरंगाची चकचकीत भिंत असेल तर हा दोष आणखी वाढतो. यावर उपाय सोपा आहे. बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर टांगावी, किंवा व्यक्तीला भिंतीपासून चार-पाच फूट आत आणावे. शर्ट किंवा साडीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. भडक हिरव्या किंवा जांभळ्या पदराची झाक हनुवटीखाली हमखास येते.

दिवे घ्यायचेच असतील तर

नोकरदार घरांत सगळी मंडळी एकत्र येतात ती रात्री, तेव्हा खिडकी उपयोगाची नसते. अशा वेळी दिवे लागतात. पूर्वी स्वस्त स्टुडिओ म्हणजे ५०० वॅटचे दोन हॅलोजन असे समीकरण होते. लग्नातल्या व्हिडिओ चित्रीकरणात नवरा-नवरीला घाम फोडणारे हेच ते दिवे. दोन हॅलोजन दोन तास चालवले तर दोन युनिट वीज लागते आणि त्यातील बहुतेक उष्णतेत जाते. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या अकोल्यात उन्हाळ्यात असा दिवा लावून वृद्ध व्यक्तीला समोर बसवणे ही शिक्षाच होय.

एलईडी दिव्यांनी हे गणित बदलले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'उजाला' योजनेतून एलईडी बल्ब सवलतीत घरोघरी पोहोचले आणि त्यानंतर बाजारातही ते स्वस्त झाले. आज २० वॅटचा साधा एलईडी बल्ब सुमारे दोन हजार ल्युमेन उजेड देतो. असे तीन बल्ब म्हणजे ६० वॅट. दोन तासांत युनिटचा आठवा भागही खर्च होत नाही.

बल्ब निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रंगतापमान. मेणबत्ती सुमारे १,९०० केल्व्हिन, जुना पिवळा बल्ब २,७०० आणि दुपारचे ऊन ५,५०० केल्व्हिनच्या आसपास असते. एलईडीच्या खोक्यावर ३,०००, ४,००० किंवा ६,५०० असा आकडा छापलेला असतो. कोणताही चालतो, पण सगळे बल्ब एकाच आकड्याचे असावेत आणि छायाचित्र काढताना खोलीतले इतर दिवे बंद करावेत. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळसर उजेड पडला, तर तो नंतर संगणकावरही नीट दुरुस्त होत नाही.

दुसरी, रंग दाखवण्याची क्षमता. सीआरआय नावाचा हा आकडा खोक्यावर असतो. साधारण बल्बचा तो ८० असतो. ९० किंवा अधिक असल्यास त्वचेचा रंग खरा दिसतो. ८० च्या बल्बमध्ये बहुधा लाल रंग मार खातो आणि चेहरा निस्तेज दिसतो. दुकानातच परीक्षा करायची झाल्यास बल्बखाली आपला तळहात धरावा, शक्य असल्यास कुंकू पाहावे आणि नंतर दाराबाहेरच्या सावलीत तेच पाहावे. कुंकू तपकिरी वाटले तर तो बल्ब घेऊ नये.

तिसरी, थरथर. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण छायाचित्रात काळे आडवे पट्टे उमटतात. पेटलेला बल्ब मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास पट्टे सरकताना दिसतात. असा बल्ब बाजूला ठेवावा.

मांडणी कोणत्याही विद्युत कारागिराला सहज जमेल अशी आहे. लाकडी पट्टीवर एका ओळीत तीन होल्डर बसवावेत. नळकामाच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि चार एल्बो घेऊन तीन फूट बाय चार फुटांची चौकट तयार करावी आणि तिच्यावर पांढरे मलमल ताणून बसवावे. बल्बांची पट्टी चौकटीच्या मागे दीड ते दोन फुटांवर राहावी, म्हणजे उजेड संपूर्ण कापडभर पसरतो. पट्टी कापडाच्या फार जवळ आणल्यास मधोमध तीन तेजस्वी ठिपके दिसतात आणि उगम पुन्हा लहान होतो. मागच्या बाजूला पांढरा कार्डशीट लावल्यास वाया जाणारा उजेडही पुढे येतो. बल्ब, होल्डर, वायर, पाइप, कापड आणि सनबोर्ड मिळून हा खर्च साधारण दीड ते दोन हजार रुपयांच्या घरात जातो.

याहून सोपा मार्गही आहे. खोलीची एखादी भिंत पांढरी असेल तर दिवे व्यक्तीकडे न रोखता त्या भिंतीकडे वळवावेत. भिंत हाच दिवा होतो. उजेड कमी पडतो, पण मऊपणात तो कुठल्याही महागड्या साहित्याला हार जात नाही.

दिवा नेमका कुठे?

व्यक्तीच्या नाकाची सावली हा सर्वांत विश्वासू मार्गदर्शक समजावा. दिवा समोरून ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा दीड-दोन फूट वर ठेवला, की नाकाची सावली तिरपी होऊन ओठांच्या कोपऱ्याकडे झुकते, पण ओठांना टेकत नाही. बहुतेक चेहऱ्यांना ही जागा शोभते. दिवा आणखी बाजूला नेल्यास नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या चित्रांत तो आढळतो म्हणून छायाचित्रकारांत ही मांडणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. करारी चेहऱ्यांना ती खुलून दिसते.

दुसरी खूण डोळ्यांत सापडते. बुबुळावर दिव्याचे छोटे प्रतिबिंब दिसले पाहिजे. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केली तर ते दहा किंवा दोनच्या जागी असावे. ते दिसत नसेल तर दिवा फार वर आहे. छताच्या ट्यूबलाइटखालचे डोळे निर्जीव दिसतात ते याच कारणाने.

सावळा चेहरा, पांढरी टोपी

धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हातान्हात रापलेला चेहरा, हे वऱ्हाडातील जुन्या पिढीचे रूप. कॅमेऱ्यासाठी मात्र ती कठीण परीक्षा असते. कॅमेरा संपूर्ण चौकटीची सरासरी काढतो. पांढरे कापड अधिक असल्याने उजेड जास्त आहे असे समजून तो छायाचित्र गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. उलट चेहऱ्यासाठी उजेड वाढवला तर टोपी आणि सदऱ्याचा निव्वळ पांढरा डाग होतो.

यावरचा उपाय कॅमेऱ्यात कमी आणि मांडणीत अधिक आहे. खांदे दिव्यापासून थोडे दूर वळवावेत आणि चेहरा तेवढा दिव्याकडे फिरवावा. सदऱ्यावर तिरपा आणि चेहऱ्यावर सरळ उजेड पडतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड स्थिर करावा आणि टोपीवरच्या घड्या दिसतील इतपत तो किंचित कमी करावा.

सावळ्या त्वचेला अधिक उजेड लागतो ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. सावळी त्वचा उजेड शोषते, पण तिच्यावरची चमक अधिक उठावदार असते. मोठा, बाजूने येणारा उजेड गालावर आणि कपाळावर मंद चमक निर्माण करतो आणि चेहऱ्याचा घाट त्यातून दिसतो. समोरून मारलेला फ्लॅश हा घाट पुसून टाकतो. छायाचित्रणाच्या साधनांनाही हा पूर्वग्रह चिकटलेला होता. कोडॅक कंपनी रंगीत छपाईचा मेळ घालण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुना छायाचित्रे पुरवी, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे आणि इतर त्वचेचे रंग त्या मापाने मोजले जात. आज मोबाइलमधील 'ब्युटी' सुविधा तेच काम करते; सुरकुत्या पुसते आणि रंग उजळवते. लग्नाच्या परिचयपत्रासाठी असो वा आठवणीसाठी, ही सुविधा बंद ठेवावी. नातवंडांना पुढे जो चेहरा ओळखायचा आहे, तो त्या माणसाचाच असावा.

वयस्कर व्यक्तींसाठी काही काळजी

वृद्धांच्या डोळ्यांना, विशेषतः मोतीबिंदू असल्यास, झगमगाट सहन होत नाही. दिवा अचानक लावू नये. तो आधीपासून चालू ठेवून त्यांना सावकाश बसू द्यावे. पाठीला आधार असलेली, हातांची खुर्ची द्यावी. हातांना जागा मिळाली की खांदे सैल होतात.

चष्म्यावरची चमक ही नेहमीची अडचण. ज्या कोनातून उजेड काचेवर येतो त्याच कोनातून तो परततो, म्हणून दिवा थोडा वर आणि बाजूला घेतल्यास चमक कॅमेऱ्यात न येता खाली जाते. तरीही राहिली तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात आणि ते छायाचित्रात कळतही नाही. चष्मा काढून फोटो घेण्याचा आग्रह धरू नये. तीस वर्षे चष्म्यात पाहिलेला चेहरा चष्म्याशिवाय परका वाटतो.

पार्श्वभूमी आणि कॅमेरा

पार्श्वभूमीसाठी साधी सतरंजी, गडद रंगाची बिनछापाची चादर किंवा घोंगडी पुरते. महत्त्वाचे असते ते अंतर. दिव्यापासून व्यक्ती तीन फुटांवर आणि मागचा पडदा नऊ फुटांवर असेल, तर अंतराच्या नियमाने पडद्यावर फारच थोडा उजेड पोहोचतो आणि तो आपोआप काळोखात जातो. स्पर्धा परीक्षांच्या अर्जासाठी पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर उलट करावे. भिंतीपासून चार फूट पुढे बसावे, म्हणजे मागे सावली पडत नाही, आणि एक स्वतंत्र बल्ब भिंतीकडे रोखावा.

मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊन फोटो घेतल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फुटांवर उभे राहून, मागच्या कॅमेऱ्याची दुप्पट जवळ आणणारी सोय वापरावी. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय टोपीची कड, केस आणि पदराचा काठ खाऊन टाकते. शंका असल्यास ती बंद ठेवावी. मोबाइल टेकू देऊन स्थिर करावा आणि टायमर लावावा. स्वतंत्र कॅमेरा असल्यास वर सांगितलेल्या तीन बल्बांच्या उजेडात आयएसओ ८०० ते १,६००, शटर सेकंदाचा शंभरावा भाग आणि उपलब्ध असेल तितके मोठे छिद्र, येथून सुरुवात करावी.

जीव धोक्यात घालू नये

घरगुती मांडणीत सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे सुरक्षितता. जुना हॅलोजन वापरात असेल तर त्याच्याजवळ कापड किंवा थर्मोकोल कधीही नेऊ नये. पेट घेण्यास काही मिनिटे पुरतात. एलईडीचा बल्बही तापतो, त्याला कापडाचा स्पर्श होऊ देऊ नये. पाइपाची चौकट हलकी असल्याने पंख्याच्या वाऱ्याने कलंडते. तिच्या पायाशी विटा किंवा वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात कूलरजवळची फरशी ओली असते, तेथून वायर नेऊ नये. जोड उघडे ठेवू नयेत आणि वायर चालण्याच्या वाटेत आली तर ती चिकटपट्टीने फरशीला बसवावी. वृद्धांच्या घरात अडखळून पडणे हा फोटो बिघडण्यापेक्षा मोठा धोका असतो.

शेवटचा टप्पा छपाईचा

मोबाइलमधील छायाचित्र हे अर्धेच काम होय. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलला जातो आणि हजारो चित्रांत हवे ते सापडत नाही. निवडलेले एक छायाचित्र शहरातील छायाचित्र प्रयोगशाळेत आठ बाय बारा इंचांत छापून घ्यावे आणि मागे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. घरच्या उजेडात काढलेल्या फोटोने स्टुडिओचे काम संपत नाही. कुटुंबाचे मोठे छायाचित्र आणि चांगली छपाई यासाठी अनुभवी छायाचित्रकाराकडेच जावे लागते.

आजारपणामुळे स्टुडिओचा जिना चढू न शकणारी, फोटोचे नाव काढताच 'आता कशाला' म्हणणारी माणसे घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी खिडकीजवळची एक खुर्ची, एक धुवट धोतर आणि पांढरा तक्ता एवढा स्टुडिओ पुरेसा आहे. तो मांडायला अर्धा तास लागतो. तेरवीच्या आदल्या दिवशी तो अर्धा तास कितीही पैसे मोजून मिळत नाही.

थोडक्यात

• खिडकी बाजूला, किंचित पुढे. पाठीमागे कधीही नाही.
• थेट ऊन असल्यास पांढऱ्या मलमलीचा पडदा.
• सावलीच्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरा तक्ता.
• दिवे वापरताना सर्व बल्ब एकाच केल्व्हिनचे, खोलीतील इतर दिवे बंद.
• नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे, डोळ्यांत दिव्याचे प्रतिबिंब.
• मोबाइल पाच-सहा फुटांवर, 'ब्युटी' सुविधा आणि फ्लॅश बंद.
• छापील प्रत आणि मागे तारीख.